ओख्याच्या तारामाशांसाठी जनुकीय मार्कर : बडोद्याच्या लॅबमधल्या नोंदी

८ जानेवारी २०२४

आजपासून वही सुरू. काम असं आहे : अॅस्ट्रोपेक्टेन इंडिकस हा आपल्या किनाऱ्यावरच्या वाळूत राहणारा पाच भुजांचा तारामासा. त्याच्यासाठी मायक्रोसॅटेलाइट मार्कर (डीएनएत दोन-चार अक्षरं पुन्हा पुन्हा येतात अशा जागा, ज्यांची लांबी प्राण्यागणिक बदलते) तयार करायचे, आणि कच्छच्या आखाताच्या तोंडाशी असलेल्या ओख्याचे तारामासे व उघड्या अरबी समुद्रावरच्या वेरावळचे तारामासे एकमेकांत मिसळतात की नाही, हे बघायचं. पिल्लं डिंभावस्थेत पाण्याबरोबर वाहत जातात. त्यामुळे मोठा तारामासा जागचा फारसा हलत नसला, तरी त्याची जनुकं दूरवर पोचू शकतात. किती पोचतात, ते डोळ्यांनी दिसत नाही. त्यासाठी मार्कर.

दुसऱ्या तारामाशांसाठी छापून आलेले मार्कर चालले असते तर बरं झालं असतं. प्रवाळ खाणाऱ्या अकँथॅस्टरच्या आठ प्रायमर-जोड्या (प्रायमर म्हणजे हव्या त्या जागेच्या कडेला बसणारा डीएनएचा छोटा तुकडा) डिसेंबरात आमच्या दोन जुन्या नमुन्यांवर लावून पाहिल्या. एकही चालली नाही. दोघांचे गणच वेगळे, त्यामुळे फार आशा नव्हतीच.

ओखा मी मुद्दाम निवडलं. ओखामंडळ हे गायकवाडांच्या बडोदे संस्थानात होतं, आणि सयाजीराव महाराजांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल यांच्याकडून तिथल्या सागरी प्राण्यांचा अहवाल करून घेतला होता. त्याचा पहिला भाग १९०९ साली निघाला. माझे पणजोबा गायकवाडी नोकरीत कारकून होते. दांडिया बाजारातल्या आमच्या घरात त्यांची टाक-दौत अजून आहे. समुद्रापासून इतक्या लांबच्या गावाने शंभर वर्षांपूर्वी तारामाशांची दखल घेतली होती, याचा मला अभिमान वाटतो आणि हे काम बडोद्यातूनच व्हावं असं मनापासून वाटतं.

पहिली अडचण लगेच आली. नमुने जपायला सगळे जण अॅब्सोल्यूट अल्कोहोल वापरतात. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे लॅबलाही ते परवान्यावर, ठरलेल्या कोट्यात आणि रजिस्टरात मिलिलिटरची नोंद करूनच मिळतं. शिवाय ज्वलनशील म्हणून रेल्वेत नेता येत नाही. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "अल्कोहोलशिवाय जमतंय का बघा. मिठाचं द्रावण करून पाहा."

१७ जानेवारी

उत्तरायणाचे दोन दिवस गावात काहीच उघडं नव्हतं. आज द्रावण केलं. ५०० मिलिलिटरसाठी डायसोडियम ईडीटीए (मॅग्नेशियमसारखे धातू धरून ठेवणारं रसायन) ४६.५ ग्रॅम, डीएमएसओ १०० मिलिलिटर, आणि तळाशी खडे शिल्लक राहीपर्यंत मीठ.

चूक : ईडीटीए पाण्यात घालून मी दोन तास ढवळत बसले. पाणी पांढरं, पिठूळ. गरम केलं, तरी तसंच. लॅबमधले काका चहा घेऊन आले, बघून म्हणाले, "ताई, सोड्याशिवाय ते विरघळायचं नाही." खरंच. सोडियम हायड्रॉक्साइड थोडं थोडं टाकत पीएच ८ च्या जवळ नेला आणि पाचेक मिनिटांत द्रावण काचेसारखं स्वच्छ झालं. क्रम लक्षात ठेवा : आधी ईडीटीए आणि पीएच, मग डीएमएसओ, शेवटी मीठ. मीठ आधी टाकलं तर ईडीटीए आणखी हट्टाला पेटतं.

वन खात्याकडे ओख्यासाठी अर्ज दिला. आखातातला बराच किनारा सागरी अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात येतो. तिथला प्राणी सोडून द्यायचा असला, तरी त्याला हात लावण्याआधी परवानगी लागते.

१२ फेब्रुवारी

वेरावळहून परत. बंदरावर ट्रॉलरच्या जाळ्यात येणारा पण विकला न जाणारा माल एका बाजूला ओततात. त्या ढिगातून ३४ तारामासे वेचले. लिलाव संपेपर्यंत थांबायचं, मग विचारून घ्यायचं. कोणी नाही म्हटलं नाही.

संपूर्ण प्राणी बाटलीत घालू नका. भुजेच्या खालच्या खोबणीत नलिकापादांच्या दोन रांगा असतात. अॅस्ट्रोपेक्टेनचे नलिकापाद टोकदार असतात, त्यांना चूषक नसतो, कारण त्याला खडकाला चिकटायचं नसून वाळूत शिरायचं असतं. बारीक चिमट्याने १५-२० नलिकापाद घेतले की पुरे. पोटाकडचा भाग घेऊ नका, तिथली पाचक विकरं डीएनए खाऊन टाकतात.

४ मार्च

वेरावळच्या ३४ नमुन्यांतून सीटॅब (पेशी फोडणारं साबणासारखं रसायन) पद्धतीने डीएनए काढला. जेलवर २८ जणांचा पट्टा वर, घट्ट, म्हणजे डीएनए शाबूत. ६ जणांचा खालपर्यंत ओघळलेला धूर, म्हणजे डीएनए तुटलेला. धूर आलेले सहाही एकाच बोटीतले. ती बोट बरेच दिवस समुद्रात होती, म्हणजे हे प्राणी मरून किती दिवस झाले कोणास ठाऊक. पुढच्या वेळी सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या होड्यांचाच माल घ्यायचा.

परवानगी आली. एप्रिलच्या अमावास्येला ओखा.

१० एप्रिल

काल पाडवा होता. सौराष्ट्र मेल मध्यरात्र उलटल्यावर बडोद्याला येते आणि त्याच दिवशी दुपारी ओख्याला पोचवते. आईने डब्यात श्रीखंड दिलं होतं, ते मी आणि माझ्याबरोबर आलेल्या धाकट्या सहकारिणीने पाडव्याच्या सकाळी किनाऱ्यावर बसून खाल्लं. अमावास्येच्या उधाणाची ओहोटी लांबवर गेली होती.

ओल्या वाळूवर तारामासा सहसा दिसत नाही, त्याची खूण दिसते. पाच टोकांचा पुसट उठाव, कडेने वाळूचे कण सैल झालेले. बोटांनी खालून अलगद उचलला की तो भुजा किंचित वर वळवतो आणि खोबणीतले नलिकापाद एकामागून एक हलायला लागतात, फुंकर घातल्यावर गवत हलावं तसे. कडेचे काटे बोटाला टोचतात पण इजा करत नाहीत. एका भुजेतले मोजून पंधरा नलिकापाद घेतले आणि प्राणी परत ठेवला. बहुतेक जण दोन-तीन मिनिटांत पुन्हा वाळूत दिसेनासे झाले. वनरक्षक दादा पूर्ण वेळ बरोबर होते. त्यांनी आपण होऊन पुढची जागा दाखवली. एकूण ३१.

प्रत्येक नमुन्याला कुपी, कुपीवर पेन्सिलने नंबर, आत बटर पेपरच्या चिठ्ठीवर पुन्हा तोच नंबर. मार्कर पेनने लिहिलेला आकडा डीएमएसओने पुसला जातो. वेरावळला दोन कुप्यांचे नंबर असेच गेले होते, आतल्या चिठ्ठीने वाचवलं.

१४ मे

ही नोंद लांब आहे, कारण इथे पाच आठवडे गेले.

जाती पक्की करायला आधी मायटोकाँड्रियाचा सीओआय तुकडा (जाती ओळखायला वापरतात तो) पीसीआरने, म्हणजे त्याच्या असंख्य प्रती काढून, वाढवायचा होता. डीएनए जेलवर छान दिसतो. पीसीआर काही देत नाही. ५९ नमुने (वेरावळ २८, ओखा ३१), एकही पट्टा नाही.

सगळ्यांनी एकच सांगितलं : कंटकचर्मींच्या (तारामाशांच्या संघातल्या प्राण्यांच्या) उतींत चिकट शर्करा असतात, त्या पीसीआर अडवतात. पटण्यासारखं होतं, म्हणून मी चिकटाच्याच मागे लागले. क्लोरोफॉर्मने दोनदा धुतलं. नको ते पदार्थ धरून ठेवणारं पीव्हीपी घातलं. जास्त मिठात डीएनए बसवला. एक महागडा कॉलम किट संपवला. कशानेही फरक नाही. फक्त डीएनए २० पट पातळ केला तर फिकट पट्टा यायचा, आणि त्याने माझा चिकटावरचा विश्वास आणखी पक्का झाला.

शेवटी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. शेजारच्या टेबलावरचा रोहूचा डीएनए घेतला, जो रोज चालतो. त्याच्या नळीत माझा १ मायक्रोलिटर डीएनए टाकला. रोहूचा पट्टा गायब. म्हणजे माझ्या नमुन्यात काहीतरी अडवणारं आहे, हे नक्की झालं. पण काय? चिकट असो की दुसरं काही, पातळ केल्यावर दोन्ही कमीच होणार. मग चार नळ्या लावल्या, बाकी सगळं सारखं, फक्त मॅग्नेशियम क्लोराइड १.५, २.५, ३.५ आणि ४.५ मिलिमोलर. पहिली कोरी. दुसऱ्या नळीपासून पट्टा, तिसरीत ठळक.

अडवत होतं ते ईडीटीए. माझ्याच मिठाच्या द्रावणातलं. नलिकापाद न धुता मी थेट पचवत होते, आणि अल्कोहोलने डीएनए बसवताना ईडीटीएही त्याच्याबरोबर बसत होतं. हिशेब साधा आहे. २५ मायक्रोलिटरच्या नळीत २ मायक्रोलिटर डीएनए गेला आणि त्यात १० मिलिमोलर ईडीटीए असलं, तर नळीत ०.८ होतं. डीएनटीपी (प्रतींसाठी लागणारे सुटे घटक) आणखी ०.८ मॅग्नेशियम धरून ठेवतात. मी घालत होते १.५. प्रती काढणाऱ्या पॉलिमरेज विकराला मॅग्नेशियम लागतंच, आणि त्याच्या वाट्याला काहीच उरत नव्हतं.

उपाय : नलिकापाद शुद्ध पाण्यात तीनदा, दर वेळी दहा मिनिटं धुवायचे. डीएनएची गोळी ७० टक्के अल्कोहोलने दोनदा धुवायची. शेवटी विरघळवताना ईडीटीए नसलेला ट्रिस वापरायचा. पुन्हा काढलेल्या ५९ पैकी ५९ चालले, कॉलम नाही, पीव्हीपी नाही. धाकटी सहकारीण म्हणाली, "ताई, हे वहीत सगळ्यात वर मोठ्या अक्षरात लिही." वर जागा नव्हती, म्हणून इथे लिहिते आहे. रसायन आणि किट मिळून या चुकीचे सुमारे १४,००० रुपये गेले.

२९ मे

सीओआयसाठी सर्वसाधारण प्रायमर कंटकचर्मींवर नीट बसत नाहीत. कंटकचर्मींसाठीचे वेगळे प्रायमर मागवले. ते चालले.

मग नवी भीती. अक्षरांचं प्रथिनात भाषांतर केलं, तर प्रत्येक नमुन्यात मधेच थांबा-संकेत. मला वाटलं, हा मायटोकाँड्रियाचा तुकडा नाहीच, केंद्रकात जाऊन बसलेली त्याची मोडकी प्रत आहे. आठ दिवस नवीन प्रायमर शोधण्यात घालवले. मॅडमना दाखवलं, त्यांनी एकच विचारलं, "तक्ता कितवा लावलात?" तक्ता म्हणजे कुठली तीन अक्षरं कुठलं अमिनो आम्ल देतात त्याची यादी. मी काही निवडलंच नव्हतं, म्हणजे पहिला, सर्वसाधारण. कंटकचर्मींच्या मायटोकाँड्रियाला नववा तक्ता लागतो. त्यात टीजीए हा थांबा नसून ट्रिप्टोफॅन आहे, आणि एएए म्हणजे लायसिन नव्हे तर अॅस्पॅरॅजिन. तक्ता बदलला, सगळे थांबे गेले.

आठ दिवस गेले तरी हे पाऊल गाळू नका, कारण त्यातूनच कळलं की वेरावळच्या २८ पैकी ५ जण दुसऱ्याच जातीचे आहेत. बाकीच्यांपासून त्यांचा फरक दहा टक्क्यांहून जास्त. पुन्हा फोटो काढून पाहिले तर कडेच्या काट्यांची ठेवण थोडी वेगळी आहे, पण ट्रॉलरच्या ढिगात बसून मला ती दिसली नव्हती. हे पाच जण तसेच पुढे गेले असते, तर वेरावळ आणि ओखा यांच्यात मोठं जनुकीय अंतर दिसलं असतं, आणि मी आनंदाने खोटी गोष्ट लिहिली असती. आता उरले वेरावळ २३, ओखा ३१.

१८ जून

एका ओखा-नमुन्याचा डीएनए क्रमवाचनासाठी बाहेर पाठवला. पूर्ण जीनोम नको, उथळ वाचन पुरतं : १५० अक्षरांच्या दुहेरी वाचनाच्या सुमारे १ कोटी जोड्या, म्हणजे ३०० कोटी अक्षरं, ३१,००० रुपये. अकँथॅस्टरचा जीनोम सुमारे ३८ कोटी अक्षरांचा आहे. आमचाही त्याच घरातला असेल तर प्रत्येक जागा सरासरी सात-आठ वेळा वाचली जाईल. मार्कर शोधायला तेवढं खूप झालं.

नमुना परत आला. डीएनए मोजणाऱ्या माझ्या नॅनोड्रॉप यंत्रावर २ मायक्रोग्रॅम दिसत होते, त्यांच्या क्युबिट यंत्रावर जेमतेम ०.३. नॅनोड्रॉप आरएनएही डीएनए म्हणून मोजतो. मी आरएनए खाऊन टाकणाऱ्या आरएनेजची पायरी विसरले होते. पुन्हा काढला, आरएनेज लावलं, या वेळी दुसऱ्या विभागात जाऊन क्युबिटवर मोजूनच पाठवला. २४ दिवस गेले.

२३ जुलै

डेटा आला. माझ्या ८ जीबीच्या लॅपटॉपवर दोन रात्री लागून दोन्ही वेळा बंद पडला. वाचनांचे पाच भाग करून एकेक चालवला.

पद्धत थोडक्यात : जोडीतली दोन वाचनं जिथे एकमेकांवर येतात तिथे जुळवून एक लांब तुकडा करायचा. मिसा या प्रोग्रॅमने पुनरावृत्ती शोधायच्या (दोन अक्षरांच्या किमान ८, तीनच्या ६, चारच्या ५ वेळा). मग प्रायमर-३ ने दोन्ही बाजूंचे प्रायमर. हजारो उमेदवार निघतात. मी सर्वांत लांब पुनरावृत्तीच्या २४ जागा निवडल्या. लांब म्हणजे जास्त प्रकार, असा हिशेब.

९ ऑगस्ट

निवड चुकली. २४ पैकी ९ जोड्यांत एक-दोन पट्ट्यांऐवजी शिडी. ५ मध्ये काहीच नाही. उरलेल्या १० पैकी ४ मध्ये चाचणीला घेतलेले आठही प्राणी सारखेच. हाताशी आल्या ६.

शिडी का? डेटात परत गेले. एका जोडीच्या डाव्या बाजूची ३० अक्षरं घेऊन सगळ्या वाचनांत शोधली. सात-आठ वेळा सापडायला हवी होती, सापडली चारशेच्या वर. म्हणजे ही पुनरावृत्ती जीनोमभर उड्या मारणाऱ्या एखाद्या घटकाच्या शेपटीला चिकटलेली आहे, आणि प्रायमर शेकडो ठिकाणी बसतोय. हे प्रायमर मागवण्याआधी, फुकटात, लॅपटॉपवर तपासता आलं असतं. मागवल्यावर कळलं, त्याचे १९,४८८ रुपये पडले.

दुसरी यादी : प्रत्येक उमेदवाराच्या दोन्ही बाजू सगळ्या वाचनांशी ताडून, पंधरापेक्षा जास्त वेळा आल्या की बाद. शक्यतो चार अक्षरांची पुनरावृत्ती, कारण दोन अक्षरांत, तुकडे मोजणाऱ्या यंत्राच्या आलेखावर, खऱ्या शिखराशेजारी खोट्या शिखरांच्या सावल्या फार पडतात. आणि मधल्या लांबीच्या, सर्वांत लांब नव्हेत.

३ सप्टेंबर

२६ ऑगस्टला विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं. काळ्या घोड्याजवळच्या पुलापाशी नदी धोक्याच्या खुणेच्या कितीतरी वर होती. आमची लॅब पहिल्या मजल्यावर, ती कोरडी राहिली, पण जनरेटर तळमजल्यावर होता. तीन दिवस वीज नाही, आणि मगरींच्या भीतीने कोणी पाण्यातून यायला धजत नव्हतं, ते बरोबरच होतं. काका चौथ्या दिवशी चिखलातून आले, माझ्या आधी, आणि फ्रीजरमधला प्रत्येक डबा बाहेर काढून पुसून ठेवला. त्यांच्या स्वतःच्या घरात तेव्हा कमरेएवढं पाणी येऊन गेलं होतं. हे मी विसरणार नाही.

काय गेलं : टॅक पॉलिमरेज, तुकडे मोजण्याचा रंगीत मापदंड, फॉर्मामाइड. नवीन घ्यायला ३८,००० रुपये आणि दोन आठवडे. काय वाचलं : मिठाच्या द्रावणातले सगळे नलिकापाद, कारण त्यांना फ्रीजर लागतच नाही. काढलेला डीएनएही जेलवर जसाच्या तसा. आणि २२ ऑगस्टला आलेले दुसऱ्या यादीचे प्रायमर, जे मी अजून पाण्यात विरघळवले नव्हते. कोरड्या पुडीला उकाड्याने काही होत नाही. विरघळवायला उशीर झाला म्हणून मी स्वतःवर चिडले होते, त्या उशिरानेच २०,८३२ रुपये वाचले.

२६ सप्टेंबर

दुसऱ्या यादीतून : २ शिडी, ४ कोऱ्या, ७ सारख्याच, ११ चांगल्या. पहिल्या ६ धरून १७.

प्रत्येक प्रायमरला वेगळा रंग लावणं परवडत नाही. म्हणून जोडीतल्या पुढच्या प्रायमरला एम-१३ या ठरलेल्या क्रमाची १८ अक्षरांची शेपटी जोडली आणि रंग फक्त एम-१३ प्रायमरला. एक रंग ७,००० रुपये, तीन रंग २१,०००, त्यात १७ जागा बसल्या. चूक : पहिल्या फेरीत शेपटीचा प्रायमर उलट्या प्रायमरइतकाच घातला. जेलवर पट्टा दणदणीत, यंत्रात शिखर जवळजवळ नाहीच. सगळा तुकडा बिनरंगी प्रायमरनेच तयार झाला होता. शेपटीचा प्रायमर चौथा हिस्सा ठेवला, शेवटची ८ चक्रं ५३ अंशांवर नेली, आणि शिखरं उभी राहिली.

१२ ऑक्टोबर

आज दसरा. नवरात्रात रात्री सगळं गाव गरब्याला असतं, पीसीआरची तिन्ही यंत्रं मोकळी मिळतात. नऊ रात्रींत ५४ प्राणी आणि १७ जागा उरकल्या. एका रात्री काकांनी गरब्यावरून येताना फाफडा-जलेबी आणून दिली.

वाचनासाठी प्लेट सकाळच्या गाडीने अहमदाबादला एका लॅबमध्ये स्वतः नेते, एका खान्याला १८० रुपये. दोन गोष्टी लिहून ठेवते. एक : पॉलिमरेज तुकड्याच्या टोकाला कधी एक जादा ए लावतो, कधी नाही, आणि मग २०४ आणि २०५ अशी जुळी शिखरं येतात. दुसऱ्या यादीत उलट्या प्रायमरच्या टोकाला मी जीटीटीटी लावलं होतं, त्यामुळे ए नेहमीच लागतो आणि शिखर एकच येतं. पहिल्या यादीच्या जागांना शेवटी ६० अंशांवर ४५ मिनिटं देऊन काम भागवलं. दोन : दुसऱ्या आठवड्याच्या प्लेटमध्ये सगळे आकडे एका अक्षराने सरकले होते. यंत्रात मधे पॉलिमर बदललं होतं. हे कळलं ते केवळ प्रत्येक प्लेटमध्ये तेच दोन ओखा-प्राणी मुद्दाम ठेवले होते म्हणून.

६ नोव्हेंबर

लाभपाचम. बाजारात वह्यांची पूजा होऊन दुकानं उघडली, मीही हिशेब मांडला. दोन दौरे २१,४००. रसायनं, किट आणि प्लास्टिक ४६,०००. क्रमवाचन ३१,०००. प्रायमर आणि रंग ६१,६५६, त्यात खालच्या नोंदीतला एक जादा प्रायमर धरून, तो आजच मागवला. तुकडे मोजणं ५८,३२०. पुराचा फटका ३८,०००. एकूण २,५६,३७६ रुपये. फेलोशिप यात नाही.

२८ नोव्हेंबर

जागा क्रमांक ३१. ओख्याच्या ३१ प्राण्यांत दोन वेगळे अलील (एकाच जागेचे वेगवेगळ्या लांबीचे प्रकार) असलेले फक्त १४ सापडले, म्हणजे ०.४५. अलीलांच्या प्रमाणावरून अपेक्षा ०.८१ ची. आप्तसंकर असता तर सगळ्याच जागांवर तूट दिसली असती, दिसली ती या आणि आणखी दोन जागांवरच. मग संशय मूक अलीलाचा : प्रायमर बसतो तिथेच काही प्राण्यांत एखादं अक्षर बदललेलं, तो अलील वाढतच नाही, आणि प्राणी खोटाच एकसारखा दिसतो. समुद्री प्राण्यांत अक्षरबदल इतके असतात की हे वारंवार होतं.

तपासायला 'एकसारखे' दिसलेले सतराही प्राणी ५० अंशांवर, म्हणजे ढिलाईने, पुन्हा लावले. सहांत दुसरं शिखर फिकट का होईना, उगवलं. उलटा प्रायमर २२ अक्षरं बाहेर सरकवून नवा मागवला, ३३६ रुपये. आता ३१ पैकी २४ जण दोन अलीलांचे, ०.७७. ही जागा वाचली. बाकी दोघींना तीच युक्ती चालली नाही, त्या सोडल्या. सावल्यांमुळे वाचताच न येणाऱ्या ३ सोडल्या, आणि दोन जागा नेहमी एकमेकींच्या जोडीनेच जात होत्या, त्यातली एक सोडली. उरल्या ११.

४८ मधून ११. मॅडमना आकडा सांगताना मला अपुरं वाटत होतं. त्या म्हणाल्या, "अकराच, पण खऱ्या आहेत ना? मग पुढे चला."

१९ डिसेंबर

धाकट्या सहकारिणीने १२ प्राण्यांचे नंबर झाकून मला दिले. नळीपासून शिखरापर्यंत सगळं पुन्हा केलं. ११ जागांचे २६४ अलील, त्यांतले २ पहिल्या वेळेशी जुळले नाहीत, म्हणजे ०.७६ टक्के. दोन्ही चुका माझ्या वाचण्यातल्या : एकदा लहान शिखर सावली समजले, एकदा सावलीला शिखर. दोन्ही एकाच जागेवर. त्या जागेसाठी किमान उंचीचा नियम लिहून भिंतीवर लावला आहे.

वेरावळचे २३ कमी पडतात. ओखा आणि वेरावळ यांच्याबद्दल तोवर एक वाक्यही लिहायचं नाही, असं मॅडमचं आणि माझं ठरलं आहे. १३ जानेवारीच्या पौर्णिमेआधी वेरावळला जायचं, त्याच दिवशी परतणाऱ्या होड्यांचा माल घ्यायचा, आणि प्रत्येक प्राण्याच्या कडेच्या काट्यांचा फोटो तिथेच काढायचा. उत्तरायणामुळे तिकिटं मिळत नव्हती, आज ९ तारखेची दोन मिळाली. संध्याकाळी काकांनी आणि मी ४० कुप्या भरल्या. ईडीटीए विरघळेपर्यंत या वेळी मीठ टाकलं नाही. प्रत्येक कुपीत बटर पेपरची चिठ्ठी आहे, नंबर पेन्सिलने.